भरलेल्या टाकीचं चित्र

हसू नका, पण भरलेल्या टाकीला टेकून मी अजूनही उभा राहत नाही. मंद्रूपकडच्या एका साखर कारखान्यात देखभालीला होतो तेव्हाची गोष्ट. मळीची टाकी काठोकाठ भरलेली आणि आम्ही तिघं तिच्या बुडाशी. सचिनकडं पत्र्याची जाडी मोजायचं मशीन, फोरमन मलप्पाअण्णांच्या हातात हातोडी.

त्या मशीनच्या स्क्रीनवर पत्र्याच्या जाडीचं आडव्या पट्ट्यासारखं चित्र उमटतं. सचिननं मशीनचा प्रोब पत्र्याला टेकवला, तर चित्र दोऱ्याएवढं!

मी वाकून स्क्रीन पाहिला. "अरे, पत्रा उरलाय का नाही?"

"घाबरू नका सर," सचिन हसला. "स्क्रीनची डेप्थ शंभरवर राहिली की, म्हणजे अख्खा स्क्रीन शंभर मिलिमीटरचा. त्यात कुठलाही पत्रा बारीकच दिसणार." त्यानं बटणं दाबून ती पाचवर आणली. चित्र फुगलं, अर्ध्याहून जास्त स्क्रीन भरला.

"बगा की सायेब, लई जाड हाय!" अण्णा म्हणाले. "दहा मिलिमीटरचा पत्रा हाय, जातोय कुटं?" आणि त्यांनी त्याच जागी हातोडी हाणली. बद्द आवाज आला.

माझा जीव भांड्यात पडला. सहज विचारलं, "सचिन, आकडा किती आहे रे?"

"तीन मिलिमीटर."

"आणि मघाशी, चित्र बारीक होतं तेव्हा?"

सचिनचं हसू गेलं. "तेव्हापण तीनच होता सर."

अण्णांनी दुसऱ्या ठोक्यासाठी हात उचलला होता. तो वरच राहिला.

"अण्णा," मी कुजबुजलो, "हात हळूच खाली घ्या."