अक्काला आवडलेला सिनेमा

पडलेल्या सिनेमांचा विषय निघालाच हाय, तर एक सांगतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, आणि दुष्काळ असा की अर्धं गाव टँकरच्या रांगेत. टॉकीजकडं कोण बघतंय?

आमची अक्का तेव्हा सासर सोडून औशाला परत आली होती. वर्षभर तिचं हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं. लहानपणी आम्ही दोघांनी वाचलेल्या पऱ्या-राक्षसांच्या पुस्तकावर सिनेमा आला, म्हणून मी तिला लातूरला घेऊन गेलो. टॉकीजात आम्हाला धरून सात माणसं होती. राक्षस ढगावरून घसरला आणि अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "उद्या परत येऊ रे."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर पोस्टर बदललेलं. मॅनेजर म्हणाला, "उतरवला, बाई. कुणालाच आवडला न्हाई."

अक्का म्हणाली, "मला इचारलं का कुणी?"

मॅनेजर हसला. मला काही हसता आलं न्हाई. तिचं लग्न ठरवतानाबी आम्ही तिला इचारलं नव्हतं.