एकशे अठरा टक्के

आमच्या शेजारच्या माधवीचं सांगते. ती कुरिअर कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. त्या शनिवारी दुपारी मिरच्या मागायच्या निमित्ताने मी तिच्याकडे डोकावले, तर ही डोकं धरून बसलेली.

"काय गं, काय झालं?"

"काकू, कुठल्या भागात किती टक्के गिऱ्हाइकं, ते कंपनीच्या रेकॉर्डमधून एसक्यूएलने, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत विचारून, काढतेय. प्रत्येक भागात एक माणूस एकदाच मोजलाय, तरी सगळ्यांची बेरीज एकशे अठरा टक्के! शंभर आल्याशिवाय सर सोडणार नाहीत, आणि उद्या माणगावला आईकडे जायचंय."

मी मिरच्या विसरून तिथेच बसले. जरा वेळाने तिनेच कपाळावर हात मारला.

"ही काशीगावची माणसं! एकदा पत्ता मीरा रोड लिहितात, एकदा भाईंदर. माणूस एकच, पण दोन्हीकडे अख्खा मोजला गेलाय."

"मग त्यात काय? आम्ही पण रिक्षावाल्याला मीरा रोड सांगतो आणि गावी भाईंदर."

तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, "मग उद्या या आणि एकेकाचा पत्ता नक्की करून टाका."

फोन ठेवला नाही, तोच आतून सासूबाई ओरडल्या, "आईकडे जात नाहीस ना आता? मग ऑफिसला निघण्याआधी वालाचं बिरडं करून जा!"

माधवी थकून हसली. "बघा काकू, मी पण तशीच. ऑफिसात शंभर टक्के, घरी शंभर टक्के."

"आणि आईकडे?"

"तिथे माझं रेकॉर्डच नाही, काकू."