फक्त ॲडमिनला कळेल

मंडळी, नमस्कार. काकू, तुम्ही बसून राहा, उठू नका.

मला बोलायला सांगितलंय, कारण या सोसायटीत सगळ्यात जास्त मीच बोलते. समोर परबकाकांचा फोटो, आणि आपण सगळे गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्ये बसलोय. काका सांगून सांगून दमले तेव्हा या गाड्या हलल्या नाहीत. आज हलल्या. असो.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. मी ज्योती, बी विंग. सुधाकर परब आमचे सेक्रेटरी. कोपरीतल्या या जुन्या बिल्डिंगचं पाणी, लिफ्ट, वॉचमनची सुट्टी, सगळं तेच बघायचे. सोसायटीच्या ग्रुपचे ॲडमिनही तेच. एकटेच. आणखी एक ॲडमिन करा म्हटलं की म्हणायचे, "एका म्यानात दोन तलवारी कशाला?"

तर या ग्रुपला काकांनी कुलूप लावलेलं. फक्त ॲडमिन लिहिणार, बाकीच्यांनी वाचायचं. कोणामुळे? गावडेभाऊंमुळे. बरं, गावडेभाऊंमुळे आणि माझ्यामुळे. ते गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतात आणि घाण होते माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी ग्रुपवर लिहिलं. त्यांनी लिहिलं. मी चादरीचा फोटो टाकला. त्यांनी पाप-पुण्य काढलं. मग अख्खी सोसायटी उतरली. खोपटला राहायला गेलेले भाडेकरू, ज्यांना ग्रुपमधून काढायचं राहून गेलेलं, तेसुद्धा मत देऊन गेले! शेवटी काकांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. भाऊ, कबुतरांबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण ते नंतर.

काका मला जिन्यात भेटायचे. मी विचारायचे, "काका, ग्रुप कधी उघडणार?"

"तू आणि गावडे समोरासमोर बोललात की लगेच."

"आधी त्यांनी बोलावं."

"तोही हेच म्हणतो गं," असं म्हणून हसत खाली जायचे. पंपाकडे.

आणि मग ती सकाळ. परबकाकूंनी माझी बेल वाजवली. मी धावले. डॉक्टर येऊन, मान हलवून गेले. काकूंना धरून बसवलं आणि म्हटलं, सगळ्यांना कळवायला हवं. फोन घेतला, ग्रुप उघडला. लिहायला जागाच नाही! काका गेल्याची बातमी फक्त काकाच देऊ शकत होते.

काय करणार? निघाले बेल वाजवत. आपल्याला सवय राहिलीय का हो शेजाऱ्याची बेल वाजवायची? लोक आधी दाराच्या भिंगातून बघतात, मग साखळी लावून उघडतात. आणि त्यात एक दार गावडेभाऊंचं. भाऊ, तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "कपड्यांचं असेल तर नंतर या." मी म्हटलं, "काका गेले." तुम्ही अनवाणीच बाहेर आलात. उरलेल्या बेला आपण दोघांनी मिळून वाजवल्या.

आता एक गोष्ट सांगते, नाव घेणार नाही. तिरडी बांधत होते, तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं, "काकांचा फोन अंगठ्याने उघडतो. आत्ताच लावून घ्या. नंतर नाही मिळणार." मला भयंकर राग आला. पण खरं सांगू? क्षणभर मलाही वाटलं, बरोबर बोलतोय. आपण अशा ठिकाणी येऊन पोचलोय. काकूंनी ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांचे हात जोडलेत. राहू देत."

राहू दिले.

फोन उघडायचा आकडा काकूंना माहीत नाही. स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याला मी विचारून आले. तो म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. नातीचे फोटो त्यातच आहेत. काकू म्हणाल्या, "मग नको." त्या रोज तो फोन चार्ज करतात. पहाटे त्यात पाण्याचा अलार्म होतो, मग त्या उठून पंप चालू करतात. आपल्या नळाला पाणी येतंय ते असं येतंय, मंडळी.

आणि ग्रुपवर शेवटी काय आहे? "उद्या पाणी येणार नाही. बादल्या भरून ठेवाव्यात. सुधाकर परब." कायम खाली नाव लिहायचे, जणू दुसरं कोणी लिहिणार होतं. त्याच्याखाली आपल्याला एक अक्षर लिहिता येत नाही. काकांचा फोटोसुद्धा टाकता येत नाही. मी रोज उघडते. रोज तेच. बादल्या भरून ठेवाव्यात.

कमिटीने नवा ग्रुप काढलाय. त्याची लिंक सगळ्यांना मिळाली. कोण गेलं त्यात? कोणी नाही. मीही नाही. परवा म्हटलं, पुरे झालं, आधी या जुन्यातून तरी सुटू. बाहेर पडायचं बटण दाबलं. तर फोन विचारतो, नक्की ना? तुम्ही गेल्याचं फक्त ॲडमिनला कळेल.

फक्त ॲडमिनला.

माझा अंगठा तिथेच थांबला. बाहेर पडावं, तर ते फक्त काकांना कळणार. आत राहावं, तर तोंड उघडता येत नाही. मी तशीच बसून राहिले. मला वाटतं, तुम्हीही सगळे तसेच बसला आहात.

काकू, मला माफ करा, हे तुमच्या माणसाला उद्देशून बोलते. काका, तुम्ही म्हणाला होतात ना, समोरासमोर बोला म्हणून? आम्ही बोललो. त्याच सकाळी, त्यांच्या दारात. तुमच्याचबद्दल बोललो. तुमची अट पूर्ण झाली, काका. आता उघडा ना.

मंडळी, उभे राहूया. फोन खिशातच असू देत. गावडेभाऊ, तुम्ही इकडे या, माझ्या शेजारी. काकांना दिसू दे.