आतला फोटू

(पनवेल, १९९३. माणसांच्या एक्स-रे क्लिनिकमधली दुपारची सुट्टी. टेबलावर एक कुत्री पडून आहे. जनावरांचे डॉक्टर या वेळात इथलं मशीन वापरतात; इथली माधुरी फिल्म काढून धुऊन देते. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर कुत्रीची फिल्म, अजून ओली.)

डॉक्टर : ...तेव्हा पाय काढून काही उपयोग नाही, रंभाबाई. छातीत पोचलंय.

रंभा : कुठं?

डॉक्टर : हे इथे, हृदयाच्या जरा वर. फुप्फुसात हवा असते म्हणून ते काळं दिसतं. त्या काळ्यात असा पांढरा ठिपका म्हणजे पायातला कॅन्सर तिथे गेला. पाय कापला तरी हा राहणारच. उगीच मैनेला तीन पायांवर आणायचं आणि चार महिन्यांत...

रंभा : खंड्याच्या टायमाला पन हेच बोलला होतात. शब्दाला शब्द. हृदयाच्या जरा वर.

डॉक्टर : बापाचं दुखणं लेकीला आलं. होतं असं कधी कधी.

रंभा : त्याचा फोटू हाय तुमच्याकडं?

डॉक्टर : सगळ्यांच्या फिल्म ठेवतो मी. पाकिटावर लिहितो, किती महिने जगला. नवा कुत्रा आला की जुनी फिल्म शेजारी लावून बघतो. कुणासारखं दिसतंय ते कळलं की पुढचं आधी सांगता येतं. खंड्याची तर नेहमी पिशवीत असते.

रंभा : मग लावा की.

डॉक्टर : कशाला त्रास करून घेता?

रंभा : चार वर्सं झाली त्याला जाऊन. आमचे हे अजून मिठागराच्या बांधावर चालताना मागं वळून बघतात. बोलतात, तीन पाय टेकल्याचा आवाज येतो. चौथा उचललेला. लावा तुमी.

डॉक्टर : ...ही घ्या.

रंभा : केवढी छाती होती. भरतीला बांध फुटला तवा झोपलेल्या यांचा सदरा दातात धरून ओढला त्यानं. ती हीच छाती... डाक्टरसायेब.

डॉक्टर : बोला.

रंभा : दोन्ही ठिपके एकाच जागेवर हायत.

डॉक्टर : साधारण, हो.

रंभा : साधारण नाय. बोट ठेवून बघा. आकार पन तोच, एका बाजूनं टोक आल्यासारखा. दुखणं कुठं बसवायचं ते पन बाप लेकीला शिकवून गेला काय?

डॉक्टर : खंड्याला शेवटी शेवटी खोकला होता?

रंभा : एकदा पन नाय. श्वास बैलासारखा. पाय तेवढा रडवायचा त्याला. तुमी त्याला कायमचं झोपवायची सुई दिलीत त्या दिवशी सकाळी अर्धी भाकरी खाऊन आलेला.

डॉक्टर : मला तेव्हाही खटकलं होतं. छातीत एवढी गाठ आणि खोकला नाही. पण फिल्म समोर होती. माणूस फिल्मचं ऐकतो... मैनेचा पट्टा काढला होता ना?

रंभा : तुमीच तर काढलात.

डॉक्टर : आणखी काही आहे का तिच्या अंगावर?

रंभा : अंगावर काय असनार? कुत्री हाय ती, नवरी हाय काय?... बिब्बा हाय.

डॉक्टर : कुठे?

रंभा : छातीला. पुढच्या पायांच्या मागनं काळा दोरा बांधलाय, त्यात. गळ्यात बांधला की पायानं ओरबाडून काढतात. केस दाट हायत, दिसत नाय.

डॉक्टर : कधी बांधलात?

रंभा : आज, इथं येताना. सासू बोलायची, फोटू काढला की नजर लागते, आयुष्य कमी व्हतं. भायेरच्या फोटूनं एवढं, तर आतल्या फोटूनं किती? म्हनून बांधला.

डॉक्टर : आणि खंड्याला?

रंभा : त्याला पन. रिक्षात बसल्यावर बांधला, घरी जाऊन सोडला.

डॉक्टर : तिला धरा जरा. कात्रीनं कापतो... हा बघा. थांब गं मैना, झालं... माधुरी, अजून एक फिल्म भर. पुन्हा काढायचाय. तसाच, कुशीवर.

रंभा : एवढ्याशा बीनं काय व्हतं? मंत्र पन नाय घातलेला तिच्यावर.

डॉक्टर : घट्ट वस्तू अंगात असो की अंगावर, फिल्मवर सावली सारखीच पडते.

रंभा : म्हंजे खंड्याच्या छातीत काय नव्हतं?

डॉक्टर : तुम्ही दाराबाहेर उभ्या राहा. माधुरी बटण दाबतेय.

रंभा : मी इचारलं काय ते?

डॉक्टर : आधी हे होऊ दे. बाहेर या.

...

रंभा : झालं ना बटन? आता सांगा.

डॉक्टर : धुवायला दहा मिनिटं लागतात.

रंभा : ते मैनेचं. मी खंड्याचं इचारते.

डॉक्टर : नसावं काही. निदान त्या दिवशी तरी नसावं.

रंभा : पाय काढला असता तर जगला असता?

डॉक्टर : माहीत नाही. वर्ष मिळालं असतं, किंवा तेवढेच चार महिने. पण दुखणारा पाय राहिला नसता. एवढं नक्की.

रंभा : चार महिने दुखला तो पाय. हे रात्रंदिन त्याला मांडीवर घेऊन बसायचे.

डॉक्टर : आणखी पाच कुत्री मी त्याच्या फिल्मशेजारी लावून, पाय न काढताच घरी पाठवलीत. कुठं जरा धूसर दिसलं की म्हणायचो, हे खंड्यासारखंच. त्यांच्यात खरंच होतं की माझ्या डोळ्यांत हा बिब्बा बसला होता, आता कुणाला विचारू?

रंभा : मला नका इचारू. मी माझंच बघते.

डॉक्टर : ...माधुरी, आण गं इकडे. पाणी निथळू दे. हं. या, रंभाबाई. बघा.

रंभा : मी नाय बघत. तुमी सांगा.

डॉक्टर : काळं आहे. सगळं स्वच्छ काळं.

रंभा : काळं म्हंजे चांगलं?

डॉक्टर : चांगलं. उद्या सकाळी पाय काढू. उपाशी आणा तिला.

रंभा : मग किती दिवस?

डॉक्टर : ते मी आता सांगत नाही.

रंभा : बरं... खंड्याच्या पाकिटावर काय लिवलंय?

डॉक्टर : छातीत पसरलेलं. चार महिने.

रंभा : खोडा ते.

डॉक्टर : खोडतो. काय लिहू?

रंभा : लिवा, रंभाने बिब्बा बांधला.

डॉक्टर : मी हात फिरवून बघितलं नाही, तेही लिहायला हवं.

रंभा : लिवा. दोघांचं लिवा.

डॉक्टर : तुमचे यजमान काशिरामभाऊ खाली रिक्षापाशी उभे आहेत. त्यांना मी सांगू?

रंभा : मैनेचं तुमी सांगा. खंड्याचं मी सांगेन, पन इथं नाय. संध्याकाळी बांधावर, यांच्या मागनं चालताना सांगेन. तिथं तो पन असतो. त्याला पन ऐकू दे.