यशवंत सरांचे सेल निवडताना

मालती वहिनी, शाळेतले शिक्षक, बेडशाहून आलेले ग्रामस्थ आणि सरांचे लहानमोठे विद्यार्थी,

या सभागृहात मी एरवी मागच्या रांगेत बसतो आणि कोण किती वेळ बोललं ते टिपून घेतो. वार्ताहराचं कामच ते. आज मला पुढं उभं केलंय. लांबलो तर खुणावा. यशवंत सर असते तर त्यांनी पहिल्याच वाक्याला घड्याळाकडे पाहिलं असतं.

सर गेले. हे दोन शब्द मला नीट उच्चारता येत नाहीत. मी पाठशाळेत वाढलेला माणूस. संस्कृतात भूतकाळाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही मला छडी दाखवून पाठ करून घेतलेत. आज त्यातला एकही उपयोगाचा नाही.

सर विज्ञान शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ते काय करत, हे सगळ्यांना ठाऊक नसेल. लोणावळ्याच्या बंगल्यांतले बंद पडलेले लॅपटॉप भंगारात येतात. त्यांच्या बॅटऱ्या सर घरी आणायचे. बॅटरी उघडली की आत बोटाएवढे सेल निघतात. त्यातले एक-दोन मेलेले असतात आणि त्यांच्यापायी सगळी बॅटरी टाकली जाते. बाकीचे जिवंतच असतात. सर ते जिवंत सेल शोधायचे.

कसे शोधायचे? आधी सेलवरचं वेष्टन वाचायचं. मग वेष्टनावर विश्वास ठेवायचा नाही. एकदा मी बाजारातून एक चकचकीत सेल आणून त्यांना दाखवला. त्यावर क्षमतेचा आकडा केवढा होता! सरांनी तो एका हातात घेतला, दुसऱ्या हातात आपला एक जुना घेतला, दोन्ही तोलले. म्हणाले, "पंडित, हा हलका आहे. आत माल कमी, अंगावर बिरुदं जास्त. तुमच्या बातम्यांतल्या सत्कारमूर्तींसारखा."

नंतर प्रत्येक सेल पूर्ण भरायचा, पूर्ण उतरवायचा, म्हणजे पोटात किती मावतं ते कळतं. पुन्हा भरायचा आणि काही आठवडे नुसता ठेवून द्यायचा. काहीही काम न करता ज्याची शक्ती गळते तो बाद. "असे सहकारीही मी पाहिलेत," म्हणायचे. इथे बसलेल्यांपैकी कुणी मनावर घेऊ नये.

जे टिकले ते अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे. ट्रेवर खडूनं लिहिलेलं: अ तुकडी, ब तुकडी, क तुकडी. शाळेत हुशार आणि ढ अशा तुकड्या करायला ज्यांनी जन्मभर विरोध केला, ते हेच सर! मी चिडवलं. ते म्हणाले, "पोरगं वाढतं हो, पंडित. सेल वाढत नाही. त्याला त्याच्या तोलामोलाच्यांतच बसवावं लागतं. नाहीतर दुबळा आधी संपतो आणि बाकीचे त्याला आणखी मारतात."

ही अ तुकडी कुणासाठी होती? वहिनींसाठी. वहिनींच्या पायांत आता जोर नाही. त्यांच्यासाठी सरांनी बॅटरीवर चालणारी एक जुनी तीनचाकी स्कूटर आणली होती. ती अंगणात उभी आहे, सीटखालचा बॅटरीचा डबा रिकामा. वहिनींच्या थोरल्या बहिणीचं घर कार्ल्याला. सरांनी वहिनींना सांगितलं होतं, "या गाडीवर तू आक्काकडे एकटी जायचं. मला विचारायचंसुद्धा नाही." त्यावर वहिनी म्हणाल्या होत्या, "तुमाला इचारल्याबिगर कुटं गेलते मी आजवर?"

आणि मग तो दिवस आला. सरांना शेवटचं घरी आणायचं होतं. पुढची खोली मोकळी करायला हवी होती. शेजारच्या शांतामावशींनी ट्रे उचलले आणि सगळे सेल प्लास्टिकच्या एका टोपलीत ओतले. अ, ब, क, सगळे एकत्र.

मावशी, मान वर करा. तुम्हाला कुणी बोलत नाही. तुम्ही मला म्हणालात, "मला काय ठावं, भाऊ? समदे सारखेच दिसत्यात." सारखेच दिसतात, मावशी. हीच तर सरांची सगळी तक्रार होती.

आता ती टोपली आम्ही निवडतोय. वहिनी, शांतामावशी आणि मी. पहिल्या संध्याकाळी मी पुढाकार घेतला आणि सेल रंगांवरून लावले. हिरवे इकडे, निळे तिकडे, गुलाबी पलीकडे. फार सुंदर दिसत होतं. वहिनींनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "भावजी, हे असते तर म्हणले असते, पंडित, रंग बघून तुकड्या पाडायची तुमची लय जुनी सवय."

त्या घरात सर गेल्यापासून कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी तिघंही हसलो. आणि तिघांनीही, एकाच वेळी, सरांच्या खुर्चीकडे पाहिलं.

मग रंग सोडले. एकेक सेल भरतो, उतरवतो, आकडा पाहतो. फार हळू चालतं. सरांचा एक विद्यार्थी सुदुंबऱ्याला कारखान्यात बॅटऱ्यांचंच काम करतो. जोडणी तो करणार आहे. इथल्या काही जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, तयार बॅटरी बसवून द्या ना! वहिनी लगेच कार्ल्याला जाऊन येतील." खरं आहे. मीही वहिनींना तेच म्हणालो. त्या म्हणाल्या, "नगं म्हणत न्हाई. पर जरा थांबा."

परवा पुन्हा विचारलं. वहिनी, सांगू ना? सांगतो. त्यांच्या हातात एक सेल होता. भरलेला, अजून कोमट. त्या म्हणाल्या, "बॅटरी बसली की मला निगावं लागंल, भावजी. जाईन की. आक्का वाट बघतीया. पर परत आल्यावं कोन इचारनार, गाडी कशी चालली म्हनून?"

मंडळी, मी शब्दांवर जगणारा माणूस आहे. मी पुढचा सेल उचलला.

कुठल्यातरी दिवशी तो डबा भरेल. वहिनी कार्ल्याला जातील, आक्कांकडे जेवतील, संध्याकाळच्या आत परत येतील. त्या दिवशी जो कुणी बेडशाच्या रस्त्यावर असेल, त्यानं गाडीपुढं उभं राहावं आणि विचारावं, "वहिनी, गाडी कशी चालली?" चढाला दमली का? वळणावर कशी वाटली? नीट विचारा. सर विचारायचे तसं, उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्या. वहिनींना ज्या आवाजात हा प्रश्न ऐकायचाय, तो आवाज आपल्यापैकी कुणापाशीच नाही. तरीही विचारा.

सर भेटले की "जय भीम" म्हणत. मी "नमस्कार" म्हणे. इतकी वर्षं दोघांनीही आपापलं सोडलं नाही, आणि कधी अडलंही नाही. आज पहिल्यांदा मी म्हणतोय आणि पलीकडून सरांचं काही येणार नाही.

उठूया. जरा वेळ कुणी काही बोलू नका.

जय भीम, सर.