ध्रुपद कुणी उचललं

हॅलो?

हॅलो… कोण, भागू? व्हय, मीच, वच्छी. रामकृष्णहरी. अगं सकाळपासून तीनदा लावला तुला. कुठं होतीस?

शेंगा फोडत… बरं, फोड. हात चालू दे, कान तेवढा इकडं दे. जवळ धर फोन. अजून जवळ. आणि तो स्पीकर बंद कर, नाहीतर तुझी सून ऐकेल आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या फुलंब्रीत होईल.

केला? हं. आता बस माझ्यापाशी. कालची कथा सांगते, अगदी पूर्वरंगापासून. मधनं उठायचं नाय.

नाही गं, कुणी गेलं-बिलं नाही. सगळी ठणठणीत आहेत. आपली अपेक्षा आहे ना… हां, माझ्या शिवराजची लेक, परदेशी भाषा शिकलेली. कालपासून माझ्याशी धड बोलत नाय. जेवली, पण ताटाकडं बघून. आणि चूक माझीच आहे. निदान मला तरी तसं वाटतंय. म्हणून तर तुला लावला.

ऐक ना. जालना रोडला एक भाषांचा क्लास आहे. चिकलठाण्याच्या, चितेगावच्या कंपन्यांतली माणसं मशिनं बसवायला बाहेरदेशी जातात, त्यांना तिथलं बोलणं शिकवतात. कुणी मेक्सिकोला जातो, कुणी चीनला. तिथं शिकवणारी पाहिजे होती. एकच जागा. मिळाली तर पोरगी घरी राहील, नाहीतर एक तारखेला बंगलोर.

हो, तिथली पक्की आहे. पण काम काय, तर दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तिला शिकवायचंय गं. चौथीत असल्यापासून खडू हातात धरून भिंती रंगवायची, आठवतं ना?

तर क्लासवाले म्हणाले, सर्टिफिकिटं बघितली, आता शिकवून दाखवा. आणि शिकायला सहा माणसं तुमची तुम्हीच आणा. अट एकच, त्यांना त्या भाषांतलं ओ की ठो कळता कामा नये.

आता तूच सांग, सिडकोत अशी सहा माणसं एका हाकेत कुठं मिळणार?… बरोबर. आपलं भजनी मंडळ.

हसू नको. मला धरून पाच जणी मंडळातल्या आणि सहावी आबेदा. अगं समोरची, फारूखभाईंच्या घरातली. ती म्हणाली, मेरे कू उर्दू आती, मराठी आती, चिनी का चि भी नै आता. म्हटलं, मग चल, तूच पहिल्या ओळीत.

नाही, एक भाषा नाही, तिन्ही एकदम. स्पॅनिश, इंग्रजी आणि चिनी. विषय तिनंच निवडला, वाक्यातला शब्द शेजारच्या शब्दाशी कसा जुळवून घेतो… घाबरतेस काय? मला कळलं म्हणजे तुला कळेलच.

हे बघ. तुमच्याकडं बैल आहे, त्याचा रंग काय?… पांढरा. गाय?… पांढरी. आणि वासरू?… पांढरं. शिकवलं का कुणी तुला? जनावर बदललं की रंग आपोआप बदलला. याला म्हणतात जुळणी. सत्तर वर्षं आपण हे करतोय आणि कुणी आपल्याला शाबासकी दिली नाही.

आता स्पॅनिश. तिनं आम्हाला कीर्तनावरूनच समजावलं. वीणेकऱ्यानं पाऊल उजवीकडं टाकलं की मागची टाळकऱ्यांची सगळी ओळ उजवीकडं, खरं ना? तसं. ला कासा ब्लांका. म्हणजे पांढरं घर. आता एका घराची चार घरं झाली की, लास कासास ब्लांकास. घरानं पाऊल टाकलं, पुढच्या ‘ला’नं टाकलं, मागच्या रंगानंही टाकलं. सगळ्यांच्या पायाला तो ‘स’.

ला कासा ब्लांका. कासा. हां, म्हण, कुणी ऐकत नाही.

आणि घर त्यांच्याकडं बाईमाणूस आहे. पुस्तक बाप्या. का ते विचारलं तर म्हणाली, आजी, आपला तरी टाळ बाप्या आणि वीणा बाई का? मी आपलं मान हलवली.

इंग्रजी ना, तीही सांगितली. इंग्रजीत म्हणे पूर्वी बरेच जण हलायचे, मग हळूहळू सोडून दिलं. व्हाइट तो व्हाइटच, घर एक असो की गावभर. एकच जुना टाळकरी उरलाय कोपऱ्यात. आय सिंग, यू सिंग, वुई सिंग… सगळे गप उभे. पण ‘शी’ आली की, शी सिंग्ज. तेवढं एक पाऊल टाकतो बिचारा. मला त्याची दया आली, खोटं नाही सांगत.

आणि चिनीत कुणीच हलत नाय. वो छांग, मी गाते. था छांग, ती गाते. वोमन छांग, आम्ही गातो. छांग आपला छांग.

मी पण हेच विचारलं. म्हटलं, मग गोंधळ होत नाही का गं? म्हणाली, जागा ठरलेली. ज्यानं त्यानं आपल्या जागेवर उभं राहायचं, अर्थ जागेवरून कळतो. आणि एक गंमत. आपण मेथीची जुडी म्हणतो, केळीची फणी म्हणतो, तसं त्यांचं प्रत्येक वस्तूला. एक घर असं नुसतं मोजायचंच नाही, मधे घराचा वेगळा शब्द, पुस्तकाचा वेगळा. कसला अदबशीर कारभार. हलत नाहीत, पण मान राखतात.

अगं, अजून एक. आपल्यात बाप्या म्हणतो मी गातो, बाई म्हणते मी गाते. स्पॅनिशात दोघांना एकच, यो कांतो. आदल्या रात्री ती पाठ करत होती तेव्हा मी तिला म्हटलं, आपल्यातही ‘आम्ही’ म्हटलं की बाई-बाप्या उरत नाही. आम्ही गातो. तूही म्हणतेस, तुझे मालकही म्हणतात. ती म्हणाली, आजी, हे मी वर्गात सांगू का?

येते, चुकीवर येते. उत्तररंग तर आता सुरू होतोय.

समोर परीक्षा घ्यायला दोघं. एक पांढऱ्या केसांच्या मॅडम आणि एक तरुण साहेब, त्याला चिनी येतं. मॅडम सारख्या लिहीत होत्या. पोरगी रंगली होती बघ. लास कासास ब्लांकास फळ्यावर लिहिलं, आमच्याकडून म्हणवून घेतलं, आणि तेवढ्यात आबेदानं हात वर केला. म्हणाली, बेटा, पांढरा बदला सो समझा. लेकिन लाल तो लालच रैता ना? लाल घोडा, लाल घोडी. वो कायकू नै बदलता?

तूही विचारात पडलीस ना? लाल बैल, लाल गाय… बघ. हलतच नाय. जन्मभर बोलतोय आणि ध्यानात नाही आलं.

आबेदाचं काही चुकलं नाही गं. प्रश्न सोन्यासारखा. पण पोरगी थांबली. खडू हातात, तोंड उघडं आणि आवाज नाही. पुढचं जे पाठ केलं होतं तेही गेलं. मॅडमचं पेन थांबलं. त्या साहेबानं घड्याळ बघितलं. आणि अपेक्षाच्या गळ्यावर घाम, मला समोरून दिसत होता.

मी काय केलं?… भागू, तुला माहीतच आहे मी काय केलं असेल. महाराज थांबले की टाळकऱ्यानं काय करायचं?

ध्रुपद उचलायचं. विचार नाही केला. क्लासनंतर सरळ मंदिरात भजनाला जायचं म्हणून पिशवीत टाळ होते. हात आपोआप गेला. टाळ वाजवला आणि शेवटची ओळ उचलली, लास कासास ब्लांकास. चालीत. माझ्यामागं मंडळ, मंडळामागं आबेदा. तिलाही कव्वालीतलं ठाऊक, की गाणारा दम घ्यायला थांबला की मागच्यांनी ओळ सोडायची नाही. चारदा म्हटली असेल. पाच.

नाय, हसायचं नाही यात. परीक्षा होती तिची. शेजारच्या वर्गातनं दोघं डोकावून गेले.

पोरगी?… आधी लालभडक झाली. मग डोळे मिटले. आम्ही म्हणतोय, म्हणतोय, आणि पाचव्या वेळेला तिनं हात वर केला. कीर्तनात आपले आप्पा करायचे तसा, तळवा पुढं करून. आम्ही थांबलो. आणि ती आबेदाला म्हणाली, चाची, ज्या शब्दाच्या शेवटी ‘आ’ आहे तो हलतो. पांढरा, काळा, मोठा. लाल, सुंदर, गोड यांच्या शेवटी ‘आ’ नाही, ते उभे राहतात. आणि स्पॅनिशातही तसंच काहीसं. रोहो म्हणजे लाल, शेवटी ‘ओ’, तो बाईपुढं रोहा होतो. वेर्दे म्हणजे हिरवा, शेवटी ‘ए’, तो बाई-बाप्या बघत नाही. पण पुष्कळ जण आले की त्यालाही ‘स’ लावून पाऊल टाकावंच लागतं.

व्हय. पाठ केलेलं नव्हतं हे. तिथंच सुचलं.

मग मॅडम उठल्या आणि आम्हाला विचारायला लागल्या. मला म्हणाल्या, मेसा रोहा म्हणजे लाल टेबल, आता अनेक टेबलं करा. मी म्हटलं, लास मेसास रोहास. आबेदाला वेर्दे दिला, तिनं वेर्देस केला. सहाही जणींना आलं गं. मी आपली खूश. बाहेर आल्यावर पोरीचं तोंड बघितलं आणि खुशी उतरली. रिक्षात मला एवढंच म्हणाली, आजी, त्यांना कळलं की मी विसरले. तू झाकायला गेलीस आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

बरोबर आहे तिचं. गप बसले असते तर दोन क्षणांत सावरली असती कदाचित. आज अकरापर्यंत कळवतो म्हणाले होते. आता किती वाजले?… पावणेबारा. तेच.

काय म्हणालीस?… गप बसायला पाहिजे होतं? भागू, एकदा बसलो होतो ना गप. तू आणि मी.

ऐकतेयस ना?… हं. फोन जवळ धर.

आप्पांचं शेवटचं कीर्तन. आपण कधी बोललो नाही त्यावर, चाळीस वर्षं झाली. तुझे वडील म्हणून मी काढलं नाही, आणि तू का काढलं नाहीस ते तुझं तुला ठाऊक. टाळकरी नवे होते, परगावचे. आप्पा मधेच अडकले, वर बघत राहिले, आणि मागं सगळे मुके. आपल्याला ओळ येत होती. त्यांनीच शिकवलेली. पण बायकांच्या बाजूनं आवाज काढायची रीत नव्हती. मी तोंड उघडलं, तू माझा हात दाबलास…

नाय, तुला दोष देत नाही. तू दाबला नसतास तरी मी गायले असते का, देव जाणे. आप्पांनी वीणेला नमस्कार केला, फेटा उतरवून हातात घेतला आणि खाली आले. परत कधी उभे राहिले नाहीत. त्यांच्या गळ्यातला हार तसाच होता, आठवतं? काढायचं कुणालाच सुचलं नाही.

रडू नको गं. शेंगा खारट होतील.

काल पोरगी थांबली ना, तर मला फळा दिसलाच नाही. आप्पांचा फेटा दिसला. हे मी तिला सांगितलेलं नाही. म्हणेल, आजी, तुझ्या जुन्या दुखण्यासाठी माझी नोकरी घालवलीस. आणि खरंच घालवली असेल तर काय तोंड…

थांब. आत तिचा फोन वाजतोय.

थांब ना, ऐकू दे. हळू बोल… हो मॅडम म्हणतेय. परत हो मॅडम… दार लोटलं तिनं. काही कळेना.

तू पण माळ घेतलीस? घे, घे. मी पण घेतली.

आली. भागू, ती बाहेर आली, फोन ठेवू नको… काय गं बाळा? बोल ना… अगं भागूआजी आहे फोनवर, तिच्यापासून काय लपवायचं?

भागू… मिळाली. मेक्सिकोवाल्यांचा सकाळचा वर्ग. सोमवारपासून. थांब, पुढं सांगतेय ती… मॅडमनी विचारलं, काल तुम्ही विसरला होता ना? ही म्हणाली, हो, विसरले होते. आमच्यात बोलणारा अडकला की मागचे ओळ धरून ठेवतात, तो परत येईपर्यंत. मॅडम म्हणाल्या, विसरल्याचे मार्क कापलेत. पण सहा जणींना आलं, त्याचे जास्त आहेत.

आणि… काय? हिला म्हणाल्या, सोमवारपासून वर्गात टाळ आणायचे नाहीत. हो, हो. नाही आणणार.

ती विचारतेय, ही ओळ धरायची रीत आम्हाला कुणी शिकवली… सांगते हं बाळा. बस इथं. हिला सगळंच सांगते आता, भागू. हात दाबल्याचंही सांगू का?… सांगू. बरं. तू म्हणतेस तर सांगते.

ठेवते मग. आणि ऐक, एक कर. आज सांजवात लावशील तेव्हा पुंजारामआप्पांची आठवण काढ. नुसता नमस्कार करून उठू नको. ती ओळ म्हण, तिथूनच, जिथं थांबले होते. मोठ्यानं म्हण, सुनेला ऐकू गेली तरी चालेल. मी इकडनं उचलते.