मामाच्या ज्वारीत आमचं नवं गाणं

आमच्या बँडला कुणी ऐकत न्हाई म्हणता ना? मंग ऐका. परतूरला ट्रॅक्टरच्या शेडात आम्ही दोन नवी गाणी रेकॉर्ड केली. गॅरेज पंक, नुसता कल्ला. दुसरं तेवढं मी ड्रमरशी भांडून जरा हळू करायला लावलं. नेटवर टाकली, अन् कौतुकानं मंठ्याच्या मामालाही पाठवली.

परवा मामाकडं गेल्तो. बांधावर पाय ठेवला अन् कानावर माझाच आवाज! हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या मधोमध बुजगावणं, त्याच्या गळ्यात भोंगा, अन् त्यातून मी बोंबलून राह्यलो.

"मामा, हे काय लावलंत?"

"पाखरं हाकलायला रे! आधी दिवसभर डबा बडवायचो. आता तुझं गाणं लावलं की एक चिमणी टिकत न्हाई. बिलकुल!"

मला वाटलं, गिटार इथंच विहिरीत टाकावी. तेवढ्यात मामानं खांद्यावर हात ठेवला अन् हळूच विचारलं,

"भाच्या, राग मानू नको. दुसऱ्या गाण्यात तुम्ही जरा नरम पडलात का? ते लागलं की समदी पाखरं परत येऊन बसतेत."